निर्लेखित

सरकारी दफ्तरात एक शब्द आहे, निर्लेखन. मोडलेली खुर्ची, गळका पिंप, चालेनाशी झालेली गाडी यांची नावं जडसंग्रह नोंदवहीतून कमी करायची, त्या कामाला हे नाव. तीस वर्षं शाळेत मास्तरकी केल्यामुळं ही नोंदवही माझ्या चांगल्या ओळखीची. पाहणी होते, वस्तू निरुपयोगी असल्याचा शेरा पडतो, लाल शाईची एक रेघ ओढली जाते आणि खुर्ची कागदावरून नाहीशी होते. खुर्ची मात्र तिथंच असते. व्हरांड्याच्या कोपऱ्यात, तीन पायांवर, पुढची दहा वर्षं.

गावाला हा शब्द माहीत नाही. आमच्याकडं फाटक्या लुगड्याची गोधडी होते, गोधडी विरली की तिचं पोतेरं होतं, आणि पोतेरं नेमकं कधी संपतं ते कुणी बघितलेलं नाही. शाळेची घंटा म्हणजे रुळाचा तुकडा. मोडक्या बैलगाडीची धाव आमच्या विहिरीच्या काठाला चिणलेली आहे, तिला दोर बांधतात. ११ डिसेंबर १९६७ च्या पहाटे कोयनेच्या भूकंपात आमचं घर बसलं. ते पुन्हा उभं केलं तेव्हा खांब, तुळया, चौकटी ढिगातून उपसून जुन्याच लावल्या. भिंती सगळ्या नव्या, तरी आजी मरेपर्यंत त्याला ‘जुनं घर’च म्हणायची.

वस्तू संपली हे कुणी ठरवायचं, आणि पुन्हा उभी करायची तर किती खरेपणानं, हे दोन प्रश्न मला एका जीपनं घातले. पहिल्याचं उत्तर लवकर मिळालं. दुसऱ्यानं बराच घाम काढला.

जीप एका सरकारी खात्याची. लिलावात ती एका ठेकेदारानं उचलली, दगड-सिमेंट वाहून तिचा पाठकणा मोडला आणि मग एका जांभळाखाली लावून ठेवली. चार पावसाळे ती तिथं उभी होती. आमच्या खोऱ्याचा पाऊस ज्यानं पाहिला नाही त्याला चार पावसाळे म्हणजे काय ते कळायचं नाही. जूनपासून सप्टेंबरपर्यंत इथं धुणं चुलीवर वाळवतात. २००४ साली मी ती बावीस हजारांना घेतली. हौस म्हणून नव्हे. आमची वाडी डोंगराच्या पोटाला, वाट जांभ्याची आणि चिखलाची. अडलेली बाई असो की पान लागलेला गडी, झोळीत घालून चौघांनी खांद्यावरून खाली आणायचा. चारही चाकांना ताकद लागणारी गाडी हवी होती, आणि नव्या गाडीची किंमत माझ्या भविष्यनिर्वाह निधीच्या बाहेरची होती.

मॉडेल जुनं. स्वातंत्र्याच्या सुमारास महिंद्रानं मुंबईत विलीज जीपची जुळणी सुरू केली, त्याच घराण्यातली ही उंच बोनेटवाली. अमेरिकेत हे मॉडेल १९५३ साली निघालं. आत उंच इंजिन बसवायचं होतं म्हणून बोनेट वर उचललं, आणि तोंड जरा घोड्यासारखं झालं. अमेरिकेनं ते १९६८ मध्ये बंद केलं तरी आपल्याकडं पुढं कितीतरी वर्षं निघत राहिलं. मूळ पेट्रोल इंजिन काढून कुणीतरी डिझेल बसवलं होतं, आणि त्याची नोंद पुस्तकात होती, हे माझं नशीब.

घरी आणली तेव्हा ड्रायव्हरच्या पायाखालचा पत्रा नव्हताच. तिथून खालचं गवत दिसत होतं. बॅटरीच्या खालची बैठक आम्लानं खाल्लेली, मागच्या चाकावरचे मडगार्ड हाताला पापडासारखे लागायचे. धाकटी म्हणाली, “बाबा, हिला भोकं नाहीत, भोकांना ही आहे.”

गंजाचा एक स्वभाव आहे. अॅल्युमिनियमवरही हवेनं थर चढतो, पण तो घट्ट असतो आणि खालच्या धातूला झाकून ठेवतो. लोखंडाचा थर भुसभुशीत. पाणी त्याच्यातून आत जातं, आणि शिवाय तो फुगतो. चांगल्या लोखंडापेक्षा दुपटीहून जास्त जागा घेतो. त्यामुळं दोन पत्रे एकावर एक बसवलेले असतात, त्या सांध्यात तो एकदा शिरला की पाचर मारल्यासारखे ते फाकवतो, फाकले की आणखी पाणी. बाहेरून रंगाला नुसता फोड दिसतो, तांदळाएवढा. नखानं खरवडलं की आत बोट जातं.

पैशाची तंगी असली की माणूस रसायनं घरात शोधतो. नट-बोल्ट, कड्या, बिजागऱ्या असल्या बारीक वस्तूंसाठी मी गुऱ्हाळावरून खराब झालेली काकवी आणली. एक भाग काकवी, नऊ भाग पाणी, प्लास्टिकचं पिंप, वर झाकण. पंधरा दिवसांनी वस्तू काढायच्या, दांडग्या पाण्यानं धुवायच्या. गंज निघून खालचं राखी लोखंड उघडं पडतं. वास मात्र असा की घरातल्यांनी पिंप गोठ्यापलीकडं हलवायला लावलं, आणि गोठ्यातल्यांनीही तक्रार केली असती. मोठ्या वस्तूंना धुण्याचा सोडा घातलेलं पाणी आणि बॅटरीचा चार्जर. वस्तू ऋण टोकाला, भंगार लोखंडाचा तुकडा धन टोकाला. बुडबुडे येतात, गंज सुटतो. धन टोकाला स्टेनलेस स्टील कधी लावू नये, पाण्यात विषारी क्रोमियम उतरतं. आणि हे काम उघड्यावर करावं. ते बुडबुडे हायड्रोजनचे असतात, जवळ विडी ओढणाऱ्याला बसू देऊ नये.

जिथं काहीच पोचत नाही अशा कोपऱ्यांना हिरडा. आमच्या डोंगरात हिरड्याची झाडं भरपूर. हिरडा कुटून उकळायचा, गाळून कोमट पाणी गंजावर फासायचं. पाहता पाहता तांबडं काळंनिळं होतं. आजोबा बोरूची शाई याच मेळानं करायचे, हिरडा आणि लोखंड. पोथ्या लिहायची शाई जीपच्या बुडाला फासताना मला मजा वाटली. अर्थात हा तात्पुरता इलाज. हिरड्यानं गंज थोडा गप्प बसतो, खाल्लेला पत्रा परत येत नाही.

पत्र्याला मिस्त्रीच लागतो. आमचे मिस्त्री एसटीच्या डेपोतून फिटर म्हणून निवृत्त झालेले. घरी गॅस वेल्डिंगचा संच, एक जुनं आर्क मशीन आणि दोन घोड्या. रोज अडीचशे रुपये आणि दुपारची भाकरी. पहिल्या दिवशी त्यांनी काहीच केलं नाही. हातात लहान हातोडी घेऊन जीपभोवती फिरत राहिले, पत्र्यावर टकटक करत, मान वाकडी करून ऐकत. चांगला पत्रा टणकन वाजतो, कुजलेला भद्द बोलतो. जिथं भद्द आलं तिथं खडूची फुली. संध्याकाळपर्यंत जीपच्या अंगावर देवी आल्यासारख्या फुल्या.

“एवढं सगळं कापायचं?” मी म्हणालो.

“गुरुजी, पत्र्याला इचारलं. त्यो म्हनतोय कापा.”

“वरून पुट्टी भरून नाही चालायचं?”

“चालंल की. दोन पावसाळं चालंल. तिसऱ्याला पुट्टी तेवढी ऱ्हाईल, गाडी जाईल.”

हे शब्दशः खरं आहे. कुजक्या पत्र्यावर पुट्टी भरली तर बाहेरून आरशासारखी दिसते. पुट्टीच्या पाठीला ओल धरते, पत्रा मागून सडत जातो आणि एक दिवस तळहाताएवढा तुकडा रंगासकट गळून पडतो. म्हणून चांगलं लोखंड लागेपर्यंत कापायचं, अठरा गेजचा नवा पत्रा बेतून बसवायचा. सलग वेल्डिंग ओढलं तर पातळ पत्रा तापून वाकतो, म्हणून आधी लांब लांब टाके मारायचे, थांबायचं, गार होऊ द्यायचं, मधले टाके भरायचे. मिस्त्री ‘टाका’ हाच शब्द वापरायचे. गोधडी शिवतात तसं चाललेलं.

जसजशी जीप कापली जात होती तसतशी पारावर चर्चा वाढली. निम्मा पत्रा नवा, इंजिन दुसरंच, पाटे भंगारातल्या दुसऱ्या जीपचे, चाकं तिसऱ्याची. मग ही तीच जीप का? एक जण म्हणाला, आमच्या गाडीचे आरे बदलले, तुंबा बदलला, धाव बदलली, साटा बदलला, पण गाडी आज्याचीच. दुसरा म्हणाला, मग आज्याचं काय उरलं तिच्यात?

प्रश्न दोन हजार वर्षांपूर्वीचा आहे. ‘मिलिंदप्रश्ना’त नागसेन भिक्षू यवन राजा मिलिंदाला हेच विचारतो. महाराज, आपण पायी आलात की रथातून? रथातून. मग दांडी म्हणजे रथ का? आस म्हणजे रथ का? चाकं, दोर, जू? राजा प्रत्येकाला नाही म्हणतो. मग रथ कुठं आहे? शेवटी राजाच कबूल करतो की हे सगळं एकत्र आलं म्हणजे त्याला ‘रथ’ हे नाव पडतं, एवढंच. मी पारावर हे सांगितलं तेव्हा म्हातारी माणसं मन लावून ऐकत होती. मग एकानं विचारलं, “त्या राजाच्या रथाचं पासिंग कोण करायचं?”

त्या थट्टेत एक उत्तर होतं. आरटीओला हा प्रश्न पडतच नाही. चासीवर ठोकलेला क्रमांक म्हणजे गाडी. इंजिन बदला, परवानगी घ्या, नोंद करा. रंग बदला, नोंद करा. खासगी गाडीची पंधरा वर्षांची मुदत संपली की तपासणी करून दर पाच वर्षांनी नोंदणी पुढं न्या. पण तो चासीवरचा आकडा गेला की गाडी गेली. नागसेनाच्या तर्कापुढं हे अगदीच कारकुनी वाटतं, पण मला ते शहाणपणाचंही वाटतं. सगळी गाडी जिच्यावर उभी आहे आणि जी कुणाला दिसत नाही, तिच्यावर नाव कोरून ठेवायचं.

आणि आमची चासीच चिरलेली निघाली.

मागच्या पाट्याची कडी जिथं अडकते तिथं, डाव्या बाजूला, बोटभर लांब चीर. वरून ग्रीस आणि माती बसलेली. डिझेलनं धुऊन वायर ब्रश मारला तेव्हा ती केसासारखी दिसली. मिस्त्रींनी डिझेलची टाकी उतरवली, बॅटरीची तार सोडली, मग चिरेच्या टोकाला बारीक भोक पाडलं. भोक कशाला, तर चीर पळत असते. गोल भोकापाशी तिचं टोक बोथट होतं आणि ती थांबते. मग चीर खोबणीसारखी उघडून वेल्डिंगनं भरली आणि वरून जाड पट्टी चढवली. पट्टी चौकोनी कापली नव्हती, लांबट शंकरपाळ्यासारखी. सरळ आडवा जोड मारला तर त्याच रेषेत चासी पुन्हा मोडते, तिरक्या कडेनं भार वाटला जातो. डेपोत अशा कितीतरी पट्ट्या त्यांनी मारल्या होत्या.

काम झाल्यावर मी म्हणालो, ग्राइंडर मारून सारखं करू, वर काळा रंग दिला की कळणारही नाही.

त्यांनी मशीन बंद केलं. “कळाया पायजे, गुरुजी. उद्या मी नसंन. कुनीतरी खाली घुसंल, तेला दिसाया नको व्हय, हितं जोड हाय म्हनून? न्हायतर त्यो गडी बरूबर हितंच साखळी लावून वढंल.”

जोड तसाच राहिला. त्याच्यावर फक्त रेड ऑक्साइड.

गंजापेक्षा मला या वाक्यानं जास्त गुंतवलं. आपण खरं बोलायचं ते समोरच्या माणसाशी, अशी माझी समजूत होती. मिस्त्री खरं बोलत होते ते कधीतरी, कुठंतरी, गाडीखाली पाठीवर पडून वर बघणार असलेल्या एका अनोळखी गड्याशी. तो त्यांचं नाव विचारणार नव्हता, आभारही मानणार नव्हता.

याच्या उलट बाजूला माझा थोरला भाऊ उभा होता, आणि त्याची बाजू काही हलकी नव्हती. २००५ च्या उन्हाळ्यात त्याच्या थोरल्या मुलाचं लग्न ठरलं. मुलगी चिपळूणकडची. कुंभार्ली घाट उतरून वऱ्हाड न्यायचं. दादाची इच्छा, नवरदेव घरच्या जीपमधून जावा. माझ्या वहीत तेव्हा सात हजार रुपये उरले होते. कराडच्या रंगवाल्यानं साडेसहा सांगितले होते. आणि ब्रेकचं काम व्हायचं होतं.

या जुन्या जीपला ब्रेकचा मास्टर सिलिंडर एकच कप्प्याचा. चारही चाकांचं तेल एकाच नळीच्या वाटेनं जातं, म्हणजे कुठल्याही एका चाकाशी गळती झाली की चारही चाकांचा ब्रेक जातो. हँडब्रेक चाकांना नाहीच, मागं जाणाऱ्या शाफ्टला आहे. शाफ्टचा सांधा तुटला तर तोही गेला. आणि ब्रेकचं तेल हवेतली ओल पितं. वर्षानुवर्षं बदललं नाही तर ती ओल सिलिंडरच्या आतल्या गुळगुळीत भिंतीला खड्डे पाडते, रबरी वाटी त्यावर घासून फाटते. गंज बाहेरूनच येतो असं नाही. आम्ही चारही ड्रम उघडले तेव्हा दोन सिलिंडर पार बसलेले होते आणि एक झिरपत होता. सपाटीला गाडी थांबत होती. सगळ्यांचं म्हणणं, थांबतीय की.

दादा म्हणाला, “ब्रेक तुला दिसतोय. व्याह्याला काय दिसणार? लाल राखेत बुडवून काढलेली गाडी.”

“घाट उतरायचाय, दादा.”

“म्हणून म्हणतोय का मी, ब्रेक नको? हळू उतरू. पहिल्या गिअरात उतरू. लग्नानंतर कर ब्रेक. पण लग्न एकदाच हाय.”

शहरातला माणूस याला दिखावा म्हणेल. मी म्हणणार नाही. ज्याच्याकडं काही आहे त्याला जुनी गाडी शोभून दिसते, लोक म्हणतात छंद आहे. ज्याच्याकडं नाही त्याची रंग उडालेली गाडी म्हणजे नुसती गरिबी. गावात माणसाची पत दिसण्यावर चालते. सोसायटीचा सचिव, सोयरिक घेऊन येणारा, उसने देणारा, सगळे आधी अंगणाकडं बघतात. घरात लग्न निघालं की भिंतीला चुना देतात, तो कुणाला फसवायला नव्हे, आलेल्याचा मान म्हणून. रंग हाही पाहुण्याला दिलेला मानच, असं दादाचं म्हणणं, आणि त्यात खोटं काय ते मला तेव्हा सांगता आलं नाही.

आज थोडं सांगता येईल. चुन्याची भिंत पाहुण्याला काही वचन देत नाही. नवीन रंगाची गाडी देते. तिच्यात चढणारी बाई लेकराला मांडीवर घेऊन निर्धास्त बसते, कारण गाडी चकचकीत आहे. तो निर्धास्तपणा रंगानं मिळवलेला असतो आणि फेडायचा असतो ब्रेकनं. ब्रेक नसताना रंग लावला तर ती उधारी कुणाच्या नावावर लिहायची? त्या दिवशी हे शब्द माझ्याजवळ नव्हते. कुंभार्लीची वळणं तेवढी डोळ्यांपुढं होती. मी मास्टर सिलिंडर, चाकांचे सिलिंडर, नळ्या आणि लायनर आणले. पाच हजार शंभर रुपये. उरलेल्यात गादीवर रेक्झिन चढवलं.

जीप लग्नाला गेली ती तांबड्या रेड ऑक्साइडमध्ये. पोरांनी आंब्याचे टाळे, झेंडूच्या माळा लावून जमेल तेवढी झाकली. घाट नीट उतरली. मुलीकडच्या एका वडीलधाऱ्यानं मांडवाच्या दारात सहज विचारलं, “रंग द्यायचा राहिला वाटतं?” त्यात कुजकेपणा नव्हता. पण दादाचा चेहरा मी पाहिला. परतताना तो जीपमध्ये बसला नाही, वऱ्हाडाच्या टेम्पोतून आला. पुढं वर्षभर त्यानं त्या जीपला हात लावला नाही. बरोबर वागण्याची किंमत बरोबर वागणाराच देतो असं नाही, बऱ्याचदा शेजारी उभा असलेला माणूस देतो, हे मला त्या टेम्पोच्या मागच्या दिव्यांकडं बघताना कळलं. ब्रेक चांगले होते म्हणून काही घडलं नाही; आणि जे घडलंच नाही ते दादाला दाखवू कसं? पुट्टी दाखवता येते, रंग दाखवता येतो. टळलेला अपघात दाखवता येत नाही.

रंग दोन वर्षांनी आल्याच्या पैशातून दिला. हिरवा. त्या दिवशी दादानंच नारळ फोडला.

२०११ साली पुण्याचे एक गृहस्थ आले. जुन्या जीपांचा शौक. बरोबर एक दलाल. जीप त्यांना फार आवडली, एक लाख चाळीस हजारांची भाषा झाली. नेमकं तेव्हा धाकटीच्या नर्सिंगच्या प्रवेशाला पैसे हवे होते. गृहस्थ सज्जन होते, चहा घेता घेता म्हणाले, “चासी मूळचीच ना?”

पुसेगावच्या यात्रेत मी लहानपणी वडिलांबरोबर बैल विकायला जायचो. भाव रुमालाखाली बोटांनी ठरतो, तिथं कितीही लपवाछपवी चालते. माझ्या बैलाची किंमत मला किती पटते ते मी तुला सांगायला बांधील नाही. पण वडील एक गोष्ट रुमालाबाहेर, तोंडानं, चारचौघांत सांगायचे. बैलाची खोड. उताराला बसतो, डावीकडून माणसाला शिंग दाखवतो, असं काही असेल तर ते. भावात हुशारी चालते, खोडीत नाही. कारण भावात गेले तर घेणाऱ्याचे पैसे जातात, खोडीत त्याचा पाय जातो.

मी म्हणालो, चासी मूळची आहे, आकडा बघा. पण डावीकडं मागं जोड आहे. गृहस्थ पांढऱ्या कपड्यांनिशी खाली घुसले, जोड पाहिला, बाहेर आले, कपडे झटकले. आणखी थोडं बोलून कळवतो म्हणून गेले.

दुसऱ्या दिवशी दलालाचा फोन. “गुरुजी, कशाला सांगितलंत? काम पक्कं आहे, मी पाहिलंय की. ग्राइंडर मारून घ्या, काळा रंग द्या. पुढल्या आठवड्यात दुसरं गिऱ्हाईक आणतो.”

त्याचं म्हणणं साफ खोडता येईल असं नव्हतं. जोड पक्का होता, सात वर्षं टिकला होता. उताराला बसणाऱ्या बैलासारखी ती खोड तरी होती का? मोडलेलं हाड नीट बसलं तर त्याला कोण व्यंग म्हणतं? विकत घेणाऱ्याचा पाय जाणार नव्हता. जाणार होती ती फक्त ‘कधीच न मोडलेली जीप’ ही त्याची कल्पना. अशी कल्पना सांभाळणं हे माझं काम आहे का? उलट बाजूनं, पक्का असलेला जोड लपवावा कशाला लागतो, हेही होतंच. चांगल्या कामाला ग्राइंडरची गरज असते ती कामासाठी नव्हे, भावासाठी.

तीन दिवस मी ग्राइंडर उचलला नाही. चौथ्या दिवशी दलालाला नाही म्हणून कळवलं. हा प्रामाणिकपणा होता की मिस्त्री अधूनमधून येऊन गाडीखाली डोकावतात याचा धाक, हे मला नक्की सांगता येत नाही, दोन्ही असावं. धाकटीची फी सोसायटीच्या कर्जातून भरली. व्याज तीन वर्षं फेडलं. बायकोनं त्या तीन वर्षांत जीपला एक नाव ठेवलं होतं, ते इथं छापण्याजोगं नाही. दादाला मी विचारलं, तू असतास तर काय केलं असतंस? तो बराच वेळ तंबाखू मळत बसला. म्हणाला, “विकली असती.” मग चुना झटकून म्हणाला, “आनि त्या घाटात कायम वाटत ऱ्हायलं असतं.”

मिस्त्री आता नाहीत. त्यांच्या मुलानं गॅसचा संच विकला, आर्क मशीन मात्र माझ्याकडं आणून दिलं. जीप चालते. बाजारादिवशी पाटणला जाते, आल्याची पोती आणते, आणि या पावसाळ्यात दोनदा रात्रीची खाली दवाखान्यात गेली. मधे टायर बदलायला दिली तेव्हा दुकानातला एक नवखा पोरगा खाली घुसला आणि तिथूनच ओरडला, “मालक, हितं जोड हाय, जॅक पुढं लावतो.”

डाव्या मडगार्डला पुन्हा फोड आलेत, तांदळाएवढे. दिवाळीनंतर उघडून बघावं लागेल. अठरा गेजचा पत्रा आता किलोला केवढा झालाय ते कराडला गेल्यावर विचारायचं आहे, आणि हिरडे आताच गोळा करून ठेवायचे आहेत.